होस्टवर बदललेली कर्नलची सेटिंग्ज कंटेनरपर्यंत का पोहोचत नाहीत?

कडुनिंब (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या कार्यालयात सहा सेवा सहा वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर चालत असत: वेबसाठी एनजिनएक्स, शोधासाठी इलॅस्टिकसर्च, रेडिस, पोस्टग्रेस, डॉटनेटमध्ये लिहिलेली बिलांची सेवा आणि जावामधला एक जुना अहवाल-सर्व्हर. गेल्या महिन्यात या साऱ्या सेवा आम्ही ६४ जीबी मेमरीच्या एकाच सर्व्हरवर, डेबियन १२ वर डॉकर (सेवा वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारे साधन) बसवून, कंटेनरांत, म्हणजे त्या कप्प्यांत, आणल्या. जुन्या प्रत्येक मशीनवर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंग्जची एकेक फाइल होती आणि ती वर्षानुवर्षे कोणी ना कोणी भर घालत वाढवलेली होती. मी त्या फाइली एकाखाली एक जोडल्या, ईटीसीमधल्या सिसकंट्रोल-डी फोल्डरात त्यांची एकच फाइल करून ठेवली आणि काम उरकले असे समजलो. ते उरकलेले नाही. (सेटिंग्जची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहीत आहे, मशीनवर ती रोमनमध्येच लिहावी लागतात, हे सांगायला नको.)

अडचणी अशा आहेत. इलॅस्टिकसर्च सुरू होताना व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रक्रियेला मेमरीचे किती तुकडे जोडता येतील त्याची मर्यादा) हा आकडा ६५५३० असून तो किमान २,६२,१४४ हवा, अशी तक्रार करून बंद पडते. माझ्या फाइलीत २,६२,१४४ स्वच्छ लिहिलेले आहे. हाताने आज्ञा देऊन आकडा बदलला की सेवा चालू होते, पण सर्व्हर पुन्हा सुरू केला की मागचे पाढे पंचावन्न. दुसरी अडचण एनजिनएक्सची. गर्दीच्या वेळी काही जोडण्या गळतात म्हणून नेट.कोअर.सोमॅक्सकॉन (ताटकळणाऱ्या जोडण्यांच्या रांगेची मर्यादा) होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतात त्या सर्व्हरवर, ६५५३५ केले. होस्टवर तो आकडा दिसतोही, पण कंटेनरच्या आत पाहिले तर ४०९६च आहे. तिसरी, बिलांच्या सेवेच्या चारपाच प्रती चालू केल्या की पुढची प्रत ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत पडते, जरी उघड्या फाइलींची मर्यादा मी दहा लाखांवर नेऊन ठेवलेली आहे. चौथी, अहवाल-सर्व्हर रात्री केव्हातरी १३७ हा निर्गम-क्रमांक देऊन मरतो. व्हर्च्युअल मशीनवर या सगळ्या गोष्टी बिनतक्रार चालत होत्या. कंटेनरमध्येच असे का व्हावे?

रात्रपाळी

आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. व्हर्च्युअल मशीन होती तेव्हा आपल्याकडे सहा कर्नल होते आणि प्रत्येकाची सेटिंग्ज त्याच्यापुरती होती. आता कर्नल एकच आहे आणि सहा सेवा त्याच्यावर भाडेकरू म्हणून राहत आहेत. कंटेनर नावाची कोणतीही एक वस्तू लिनक्सच्या कर्नलमध्ये नाही. नेमस्पेस नावाच्या वेगवेगळ्या पडद्यांनी प्रक्रियेला काय दिसावे हे ठरते आणि सीग्रुपने तिला किती मिळावे हे ठरते. या दोहोंच्या जोडणीला आपण कंटेनर म्हणतो. हे पडदे एकाच दिवशी टांगलेले नाहीत. माउंटचा पडदा २००२ मध्ये आला, सीग्रुप २००८ च्या आरंभी आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत आला, आणि वापरकर्त्यांचा पडदा २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीत पूर्णत्वाला गेला. त्यामुळे कर्नलच्या कोणत्या सेटिंगला पडदा मिळाला आणि कोणती अजून उघड्यावर आहे, यात एकसूत्रीपणा शोधू नये. ज्याला ज्याची गरज पडली, त्याने ते पडद्याआड नेले.

चाळीचे उदाहरण घेतले तर काही नळ प्रत्येक खोलीत आहेत आणि काही जिन्याखाली सामायिक आहेत. मॅक्स_मॅप_काउंट हा सामायिक नळ आहे. तो होस्टवर बदलला की सर्व कंटेनरांना लागू होतो आणि कंटेनरच्या आतून तो बदलता येत नाही, कारण साध्या कंटेनरमध्ये प्रॉक-सिस हे झाड केवळ वाचण्यापुरते जोडलेले असते. सोमॅक्सकॉन मात्र खोलीतला नळ आहे. तो नेटवर्कच्या नेमस्पेसबरोबर जन्माला येतो आणि जन्माला येताना होस्टचा आकडा न घेता कर्नलचा मूळ आकडा घेतो. तो मूळ आकडा पूर्वी १२८ होता, ५.४ पासून ४०९६ झाला, म्हणून आपल्याला आत ४०९६ दिसतो. उपाय असा की कंटेनर सुरू करतानाच डॉकरच्या सिसकंट्रोल या पर्यायाने तो आकडा द्यावा, किंवा कंपोज फाइलीत त्या सेवेखाली सिसकंट्रोल्स या शीर्षकाने लिहावा. डॉकरमध्ये ही सोय २०१६ मधल्या १.१२ या आवृत्तीपासून आहे.

परंतु एवढ्याने जोडण्यांची गळती थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सोमॅक्सकॉन ही कमाल मर्यादा आहे. प्रोग्रॅम ऐकायला बसताना रांगेची जी लांबी मागतो तिला ती वरून कात्री लावते, स्वतःहून काही देत नाही. एनजिनएक्स लिनक्सवर न सांगता ५११ मागतो, रेडिसही ५११च मागतो. म्हणजे ६५५३५ असो वा ४०९६, आपली रांग आजही ५११चीच आहे. एनजिनएक्सच्या लिसन या ओळीत बॅकलॉग स्पष्ट लिहावा लागेल, आणि मर्यादा ऐकायला बसण्याच्या क्षणी मोजली जात असल्यामुळे नंतर सेवा पुन्हा सुरू करावी लागेल. खात्री अशी करावी: कंटेनरच्या मुख्य प्रक्रियेचा क्रमांक घेऊन एनएसएंटरने तिच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये शिरावे आणि एसएस ही आज्ञा केवळ ऐकणाऱ्या सॉकेटसाठी चालवावी. या सॉकेटच्या ओळीत सेंड-क्यू या रकान्यात रांगेची कमाल लांबी असते आणि रिसीव्ह-क्यूमध्ये सध्या ताटकळत असलेल्या जोडण्या. तेथे ५११ दिसले तर माझे म्हणणे खरे. त्याच नेमस्पेसमध्ये एनस्टॅटमधला लिसन-ओव्हरफ्लोज हा मोजक वाढतो आहे का, हेही पाहावे. तो स्थिर असेल तर गळतीचे कारण दुसरीकडे आहे आणि आपण उगाच या नळाशी झटत आहोत.

खोलीतले नळही एकसारखे वागत नाहीत. टीसीपी_आरमेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम (जोडणीच्या बफरांचे आकार) हे नेमस्पेसगणिक वेगळे आहेत, पण ते जन्मतःच होस्टचे आकडे उचलतात. नेट.कोअर.आरमेम_मॅक्स हा नावावरून खोलीतला वाटतो आणि निघतो जिन्याखालचा. डेबियन १२ च्या कर्नलवर कंटेनरच्या आत ती फाइल दिसतच नाही आणि डॉकरला तो आकडा दिला तर ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर मिळते. नावावरून अंदाज बांधू नये, प्रत्येक वेळी आत जाऊन फाइल वाचावी.

मॅक्स_मॅप_काउंट रीबूटनंतर का मागे जातो, हे मात्र आपली फाइल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कोणती तरी दुसरी ओळ तुमच्या ओळीनंतर वाचली जात असावी. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझच्या कॅट-कॉन्फिग या उपआज्ञेला सिसकंट्रोल-डीचे नाव दिले तर सर्व फाइली वाचण्याच्या क्रमाने दिसतात. त्यात ही किल्ली, म्हणजे सेटिंगचे हे नाव, शोधावी.

ताम्हण

तिसऱ्या अडचणीवर लिहितो, कारण तिच्यापायी माझे दोन दिवस गेलेले आहेत. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश दिशाभूल करतो. कर्नल ज्या चुकीचा क्रमांक परत करतो, तो फाइली जास्त उघडल्या तरी तोच असतो आणि आयनोटिफायचे (फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवण्याच्या कर्नलच्या सोयीचे) कोटे संपले तरी तोच असतो. डॉटनेटची सेवा आपल्या सेटिंगच्या फाइलीवर नजर ठेवण्यासाठी आयनोटिफायचे इन्स्टन्स उघडते. ते एका वापरकर्त्याला १२८ एवढेच मिळतात. व्हर्च्युअल मशीनवर प्रत्येक मशीनचा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) वेगळा होता. येथे वापरकर्त्यांचा पडदा लावलेला नसेल तर सर्व कंटेनरांतला रूट हा कर्नलच्या लेखी एकच शून्य क्रमांकाचा वापरकर्ता आहे, आणि सगळे मिळून त्याच १२८ च्या खात्यातून काढत आहेत. म्हणून पाचवी प्रत पडते. दोष तिचा नसतो, तिच्या आधी कोणी किती घेतले याचा असतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. होस्टवर रूट होऊन प्रॉकमधल्या सर्व प्रक्रियांच्या एफडी (उघड्या फाइलींच्या) फोल्डरांत फाइंड चालवावा आणि ज्या दुव्यांचे लक्ष्य ‘अ‍ॅनन_आयनोड:आयनोटिफाय’ असे आहे ते मोजावेत. माझ्याकडे ही गणना १२६ आली तेव्हाच उलगडा झाला. एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_इन्स्टन्सेस होस्टवर ५१२ किंवा १०२४ करावे. मॅक्स_युजर_वॉचेस हा जोडीचा आकडा पूर्वी ८१९२ असे, ५.११ पासून तो मेमरीच्या प्रमाणात ठरतो, त्यामुळे ६४ जीबीच्या मशीनवर त्याला हात लावण्याची गरज पडू नये.

डॉकरचा युजरनेमस्पेस-रीमॅप चालू केला तर हा प्रश्न सुटेल असे कोणी सुचवील. तसे नाही, त्या सोयीत सर्व कंटेनरांना एकच नकाशा मिळतो, म्हणून खाते फक्त बदलते, वेगवेगळी खाती होत नाहीत.

शेवटचा_डबा

मॅक्स_मॅप_काउंटसाठी एवढी शोधाशोध कशाला? कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) सर्रास करतात तसे करावे: मुख्य कंटेनरच्या आधी विशेषाधिकार असलेला एक छोटा इनिट-कंटेनर चालवावा आणि त्याने आकडा बदलून निघून जावे. सेवा कोणत्याही मशीनवर गेली तरी आपले सामान बरोबर घेऊन जाते.

रात्रपाळी

हे सामान शेजाऱ्याच्या घरात ठेवले जाते, ही माझी हरकत आहे. तो इनिट-कंटेनर संपतो, पण त्याने बदललेला आकडा होस्टवर राहतो आणि तो कोणी बदलला याची नोंद होस्टच्या कोणत्याही फाइलीत नसते. दोन सेवांचे असे दोन इनिट-कंटेनर असतील आणि दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल, तर नंतर येणारा आधीच्याची मर्यादा मुकाट्याने खाली आणतो. शिवाय त्या एका ओळीसाठी पूर्ण विशेषाधिकार द्यावा लागतो. इलॅस्टिकसर्चपुरते बोलायचे तर नोड.स्टोअर.अलाउ_एममॅप हे खोटे करून ही अट टाळताही येते. वेग काहीसा कमी होतो, पण जेथे होस्ट आपल्या ताब्यात नाही तेथे तोच सभ्य मार्ग आहे.

कुबरनेटिसने स्वतःही येथे रेषा आखलेली आहे. पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाच्या) सुरक्षा-संदर्भात सेटिंग्ज लिहिता येतात, पण त्यातली थोडीच ‘सुरक्षित’ मानलेली आहेत, उदाहरणार्थ आयपी_लोकल_पोर्ट_रेंज आणि टीसीपी_सिनकुकीज. सोमॅक्सकॉन नेमस्पेसमध्ये असूनही त्या यादीत नाही. क्युबलेटला (प्रत्येक मशीनवरच्या कुबरनेटिसच्या कारभाऱ्याला) त्याची परवानगी आधी द्यावी लागते, नाहीतर पॉड ‘सिसकंट्रोल-फॉरबिडन’ म्हणून अडतो. मॅक्स_मॅप_काउंटला तर पडदाच नाही, म्हणून तो तेथे मागताच येत नाही.

शेवटचा_डबा

आकडा खाली आणण्याचा मुद्दा मान्य. इनिट-कंटेनरने आधी वाचून, लहान असेल तरच वाढवावा, एवढी दुरुस्ती मी आमच्याकडे करीन. पद्धत मात्र सोडणार नाही. आमचे नोड रोज बदलतात आणि होस्टच्या प्रतिमेवर आमचा अधिकार नाही.

पाणवठा

अहवाल-सर्व्हरविषयी. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रक्रियेला नऊ क्रमांकाचा संकेत देऊन मारलेले आहे, आणि मारणारा बहुतेक वेळा मेमरीचा हिशोब ठेवणारा कर्नलच असतो. त्या कंटेनरच्या सीग्रुपमध्ये मेमरी.इव्हेंट्स नावाची फाइल आहे. तिच्यात ओओएम_किल या शब्दापुढचा आकडा शून्य नसेल तर संशयाला जागा उरत नाही.

माझा प्रश्न असा की जावा कोणती आहे? डेबियन ११ पासून सीग्रुपची दुसरी आवृत्तीच मूळ म्हणून येते. कर्नलने ती २०१६ मध्ये ४.५ या आवृत्तीत अधिकृत केली, फेडोराने ३१ पासून स्वीकारली, आणि पहिल्या आवृत्तीतल्या फाइलींची नावे व जागा तिच्यात बदलल्या. जावा ८ ला कंटेनरची मर्यादा ओळखण्याची अक्कल १९१ व्या अपडेटमध्ये आली, पण ती पहिल्या आवृत्तीपुरती होती. दुसरी आवृत्ती जावा १५ ला कळते, आणि मागे जाऊन ११.०.१६ ला व ८ च्या ३७२ व्या अपडेटला शिकवली गेली. त्याहून जुनी जावा असेल तर तिला कंटेनरची भिंत दिसत नाही. ती होस्टची ६४ जीबी पाहते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे १६ जीबी, हीपची (जावा प्रोग्रॅमच्या मुख्य मेमरीची) कमाल मर्यादा धरते. कंटेनरला आपण दोन जीबी दिले असतील तर ती रात्रीच्या मोठ्या अहवालाच्या वेळी भिंतीवर आदळणारच. जावा बदलता येत नसेल तर एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) हाताने लिहावे आणि हीपबाहेरच्या मेमरीसाठी चांगली जागा सोडावी.

स्वॅपिनेसविषयीही (मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्याचा कल) एक. दुसऱ्या आवृत्तीत सीग्रुपगणिक स्वॅपिनेस नाही. डॉकरला तो पर्याय दिला तर तो बाजूला टाकला जातो.

ताम्हण

उलट प्रकारचा एक किस्सा. मर्यादा वाढवणे नेहमी निरुपद्रवी असते असे आपण गृहीत धरतो. फेडोरावर सिस्टमडीने एफएस.एनआर_ओपन (एका प्रक्रियेच्या उघड्या फाइलींची सर्वोच्च मर्यादा) शंभर कोटींच्या वर, १,०७,३७,४१,८१६ पर्यंत नेले आणि डॉकरच्या सेवेत तेव्हा ‘लिमिट-नोफाइल अमर्याद’ असे लिहिलेले होते. दोन्ही मिळून कंटेनरमधल्या प्रत्येक प्रक्रियेला एवढी प्रचंड मर्यादा मिळाली. आमच्याकडचा एक जुना डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) सुरू होताना, वारशाने आलेल्या फाइली बंद कराव्यात म्हणून, शून्यापासून मर्यादेपर्यंत प्रत्येक क्रमांकावर क्लोज ही हाक मारीत असे. १०२४ असताना ते क्षणात होई. येथे तो एक सीपीयू पूर्ण अडवून मिनिटेच्या मिनिटे बसे आणि नोंदवहीत एक अक्षरही उमटत नसे. एसट्रेस (प्रोग्रॅमने कर्नलला मारलेल्या हाका दाखवणारे साधन) लावल्यावर पडद्यावर ‘क्लोज’ आणि ‘ई-बॅड-एफ’ यांचा नुसता धबधबा दिसला. कंटेनरला यूलिमिटमध्ये सौम्य मर्यादा १०२४ आणि कठोर मर्यादा ५,२४,२८८ दिल्यावर तो शहाण्यासारखा उठला. डेबियनने एनआर_ओपन वाढवण्याचा तो बदल घेतलेला नाही, त्यामुळे धागाकर्त्यांना हे भोगावे लागणार नाही.

रात्रपाळी

कडुनिंब, जोडलेल्या फाइलीत व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी (असेल त्याहून जास्त मेमरी कबूल करावी का, हे ठरवणारी किल्ली) किती वेळा आले आहे, हे कृपया पाहावे. रेडिसवाले तेथे १ ठेवायला सांगतात आणि पोस्टग्रेसवाले २ सुचवतात. सहा मशीन होत्या तेव्हा दोघेही बरोबर होते. आता कर्नल एक असल्यामुळे दोघांतल्या एकालाच ऐकता येईल.

कडुनिंब (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. क्रमाने सांगतो.

एसएसमध्ये खरोखर ५११ दिसले आणि लिसन-ओव्हरफ्लोज वाढतही होता. कंपोज फाइलीत सोमॅक्सकॉन, एनजिनएक्समध्ये बॅकलॉग ४०९६ आणि पुनःप्रारंभ, असे केल्यापासून मोजक हललेला नाही. आयनोटिफायची गणना १२८ आली. आता मर्यादा १०२४ आहे आणि बिलांच्या आठ प्रती चालू आहेत. जावा ८ चे अपडेट २९२ निघाले. एक्सएमएक्स लिहून कालची रात्र निभावली.

मॅक्स_मॅप_काउंटचे उत्तर लाजिरवाणे आहे. ती किल्ली माझ्याच फाइलीत दोनदा आहे. वर इलॅस्टिकसर्चच्या भागात २,६२,१४४, आणि खाली पोस्टग्रेसच्या भागात ६५५३०. पोस्टग्रेसची जुनी फाइल उघडून पाहिली तर ती सेटिंग्जची फाइल नव्हतीच. कोणी तरी कधी काळी त्या मशीनवर सर्व किल्ल्या छापण्याची आज्ञा देऊन तिचे संपूर्ण उत्तर त्या फाइलीत ओतून ठेवले होते. नऊशेहून अधिक ओळी, त्यातल्या हेतूने लिहिलेल्या फार तर चार. ओव्हरकमिटही त्यातलेच: रेडिसचा १ वर, पोस्टग्रेसचा २ खाली.

रात्रपाळी

नऊशे ओळींत नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड आहे का? आणि किती आहे?

कडुनिंब (धागाकर्ता)

आहे. शून्य आहे.

आता एक गोष्ट आठवते, जी योगायोग समजून मी पहिल्या प्रतिसादात लिहिलीच नव्हती. फाइलीत काही बदलून सर्व सेटिंग्ज पुन्हा लागू करण्याची आज्ञा दिली की थोड्याच वेळात बाहेरून संकेतस्थळ उघडत नसे आणि कंटेनरांतून बाहेरचे काही मिळत नसे. कंटेनर एकमेकांशी मात्र व्यवस्थित बोलत. डॉकर पुन्हा सुरू केला की सर्व पूर्ववत. मी याचे खापर डॉकरवर फोडले होते.

रात्रपाळी

डॉकर सुरू होताना आयपी_फॉरवर्ड शून्य दिसले तर स्वतः १ करतो. मशीन सुरू होताना आधी आपली फाइल वाचली जाते आणि मग डॉकर उठतो, म्हणून रीबूटनंतर सर्व ठीक असे. आपण हाताने फाइल पुन्हा लावली की डॉकरच्या मागून तो आकडा शून्य होई आणि होस्ट एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पाकिटे पाठवणे थांबवी. एकाच ब्रिजवरच्या (एकाच आभासी जाळ्यातल्या) कंटेनरांना त्या वाटेने जावेच लागत नाही, म्हणून त्यांचे बोलणे चालू राहत असे. आयपी_फॉरवर्ड १ असे आपल्या फाइलीत स्वतः लिहून ठेवावे आणि त्या नऊशे ओळी काढून टाकाव्यात. ओव्हरकमिटबाबत माझे मत १ च्या बाजूने आहे: पोस्टग्रेसला २ हवा असतो तो कर्नलच्या हातून मारले जाऊ नये म्हणून, आणि ते संरक्षण येथे शेजाऱ्यांच्या कंटेनरांना मेमरीची मर्यादा घालून बऱ्याच अंशी मिळते. उलट २ ठेवला तर एकट्या जावाच्या आरक्षणाने इतरांचे फोर्क (नवी प्रक्रिया निर्माण करणे) अडतील.

कडुनिंब (धागाकर्ता)

नवी फाइल अकरा ओळींची झाली आहे. प्रत्येक ओळीवर ती कोणत्या सेवेसाठी आहे हे लिहिले आहे आणि ओव्हरकमिट १ ठेवला आहे. दुपारी सेटिंग्ज पुन्हा लागू करण्याची आज्ञा मुद्दाम तीनदा दिली. संकेतस्थळ एकदाही पडले नाही. जावाचे अपडेट पुढच्या रविवारी करणार आहे. तोवर अहवाल-सर्व्हरच्या मेमरी.इव्हेंट्सवर रोज सकाळी नजर टाकतो. आज ओओएम_किलपुढे शून्य होते.